सांडलेल्या दुधाचा ताळेबंद

पंचगंगेच्या काठी वसलेल्या करवीर नगरीत दूध हा नुसता आहाराचा पदार्थ नाही. तो व्यवहाराचा, राजकारणाचा आणि अभिमानाचाही विषय आहे. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस उभी करून ग्राहकाच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून देण्याची येथील जुनी चाल अजून मोडलेली नाही. परंतु जिल्ह्यातील दुधाचा मोठा ओघ मात्र, १६ मार्च १९६३ रोजी स्थापन झालेल्या आणि पुढे ‘गोकुळ’ या नावाने सर्वतोमुखी झालेल्या जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाच्या, तसेच वारणानगरच्या सहकारी दूध संघासारख्या संस्थांच्या दुग्धालयांतून वाहतो. कट्ट्यावर धार आणि ओठ यांच्यामध्ये एका पेल्याचेच अंतर असल्यामुळे तेथे सांडपाण्याचा प्रश्न उद्भवत नाही. दुग्धालयात मात्र कॅन, टँकर, नळ, टाक्या, पाश्चरीकरणाची यंत्रे आणि पिशव्या भरण्याची यंत्रे असा दुधाचा लांबचा प्रवास घडतो, आणि या प्रवासातील प्रत्येक मुक्काम रोजच्या रोज धुवावा लागतो. या धुवणाचे पुढे काय करावे, आणि त्यातून निघू शकणाऱ्या ज्वलनशील वायूला संस्थेच्या दफ्तरात कोणते स्थान द्यावे, याविषयीचा हा संवाद आहे. यातील दोन्ही पात्रे कल्पित असून मामा हे सहकार खात्यातून निवृत्त झालेले लेखापरीक्षक, तर भाची ही सांडपाणी-शुद्धीकरणाचे शास्त्र शिकलेली अभियंता, एवढाच त्यांचा परिचय पुरेसा आहे.

भाची — मामा, दुग्धालयाचे सांडपाणी म्हणजे घाण, असा जो समज रूढ झाला आहे, तो मला आधी दूर करावासा वाटतो. त्या पाण्यात मिसळलेली असते ती दुधातलीच शर्करा, दुधातलाच स्निग्धांश आणि दुधातलीच प्रथिने. एक लिटर दूध नदीत ओतले, तर त्यातील सेंद्रिय द्रव्य पचवण्यासाठी पाण्यातल्या जीवाणूंना शंभर ग्रॅमच्या आसपास प्राणवायू लागतो. आणि आपल्याकडच्या उष्णमानात स्वच्छ नदीच्या एक लिटर पाण्यात विरघळलेला प्राणवायू असतो सुमारे आठ मिलिग्रॅम. म्हणजे एका लिटर दुधासाठी बारा हजारांहून अधिक लिटर पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो. ज्या सकसपणामुळे दूध बालकाला पोसते, त्याच सकसपणामुळे ते माशाला गुदमरवते. तेच द्रव्य हवाबंद टाकीत, प्राणवायूवाचून जगणाऱ्या जीवाणूंच्या हवाली केले, तर ते त्याचा वायू बनवतात. त्यात साठ ते सत्तर टक्के मिथेन असतो, आणि तो बॉयलरखाली जाळता येतो. पाणी शुद्ध होते आणि इंधन मिळते. यात आक्षेप घेण्याजोगे काय आहे?

मामा — आक्षेप वायूला नाही, त्याच्या कौतुकाला आहे. कुजणाऱ्या द्रव्यातून जळणारा वायू निघतो, ही गोष्ट व्होल्टाने १७७६ साली इटलीतल्या एका सरोवराच्या गाळावर पडताळून पाहिली होती. आमच्या मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात मैल्यापासून असा वायू १८९७ साली घेतला गेला. आणि खादी-ग्रामोद्योग आयोगाने गोबरगॅसचा प्रसार हाती घेतला त्यालाही साठ वर्षे होऊन गेली. या जिल्ह्यात गोठ्यामागे गोबरगॅसची टाकी असणे ही काही नवलाई नव्हे. इतकी जुनी विद्या दुग्धालयांच्या दारात सर्रास का रुळली नाही, हे प्रथम सांग; माझ्या कैफियतीकडे आपण नंतर वळू.

भाची — शेण आणि दुधाचे धुवण यांच्या प्रकृतीत जो भेद आहे, त्यामुळे. शेण हे जनावराच्या पोटात आधीच अर्धेअधिक पचलेले असते, आणि मिथेन निर्माण करणारे जीवाणू ते आपल्याबरोबरच घेऊन येते. त्याची प्रकृतीही अशी सम की आम्लता सहसा बिघडत नाही. दुधाचे धुवण यातले काहीच आणत नाही. या पचनात जीवाणूंचे दोन मुख्य वर्ग काम करतात: पहिला वर्ग शर्करा, स्निग्धांश व प्रथिने फोडून त्यांची आम्ले बनवतो, आणि दुसरा वर्ग त्या आम्लांपासून मिथेन बनवतो. पहिला वर्ग चपळ आहे, दुसऱ्याची वाढ अतिशय संथ. दुधातली शर्करा तर पाहता पाहता आंबते; त्यामुळे पहिल्यांनी आम्लांचा ढीग रचला आणि दुसऱ्यांना तो उपसता आला नाही, म्हणजे टाकीतली आम्लता वाढत जाते, मिथेनवाले जीवाणू मलूल होतात, आणि त्यांचे काम मंदावले की आम्लता आणखी वाढते. एकदा हे दुष्टचक्र सुरू झाले की टाकी पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे लागू शकतात.

मामा — आणि हे पाणी तरी दिवसभर सारखे कुठे असते?

भाची — नसतेच. यंत्रे न उघडता आतल्या आत धुण्याची जी पद्धत आहे, जिला कामगार सीआयपी म्हणतात, तीत आधी कॉस्टिक सोड्याचे गरम द्रावण फिरवतात आणि मग नायट्रिक आम्लाचे. एका घटकेला तीव्र क्षार, दुसऱ्या घटकेला तीव्र आम्ल, तिसऱ्या घटकेला नुसते पाणी, असा माल गटारात येतो. म्हणून सर्व पाणी प्रथम एका मोठ्या टाकीत काही तास एकत्र करून समतोल करावे लागते, आणि त्यापूर्वी चरबीच्या सापळ्यात वर तरंगणारा स्निग्धांश काढून घ्यावा लागतो. हा सापळा आपल्या मुलखात विशेष महत्त्वाचा, कारण आपले दूध पुष्कळअंशी म्हशीचे, म्हणजे सहा-सात टक्के स्निग्धांशाचे. कागदावर पाहिले तर शर्करेपेक्षा स्निग्धांशापासून मिथेन कितीतरी अधिक मिळतो. प्रत्यक्षात मात्र त्याची लांबलचक साखळीची आम्ले जीवाणूंच्या कणांभोवती कांबळ्यासारखी लपेटली जातात, त्यांना अन्न पोहोचत नाही, आणि कण हलके होऊन पाण्याबरोबर वाहून जातात. १९७०च्या दशकात हॉलंडमधल्या वाखेनिंगेनच्या लेटिंगा यांनी जी ऊर्ध्वप्रवाही टाकी सिद्ध केली, जिला आम्ही यूएएसबी म्हणतो, तिच्यात जीवाणूंचे घट्ट कण तळाशी टिकून राहतात आणि पाणी खालून वर जात त्यांच्यातून शुद्ध होते. तिच्यामुळे थोड्या जागेत आणि थोड्या तासांत हे काम साधू लागले. परंतु चरबी आवरली नाही, तर ती टाकीसुद्धा आपले कण गमावून बसते.

मामा — ठीक. यंत्र नाजूक आहे, पण सांभाळता येण्याजोगे आहे, एवढे मी मान्य करतो. आता अंकांवर ये. एक मध्यम दुग्धालय धर. रोज एक लाख लिटर दूध हाताळणारे. वायू किती निघेल?

भाची — उदाहरणादाखल मांडते. लिटरभर दुधामागे दोन लिटर सांडपाणी धरले, तर दोन लाख लिटर. त्यातल्या सेंद्रिय द्रव्याचे मान आम्ही सीओडीने मोजतो, म्हणजे ते द्रव्य रासायनिक रीतीने पूर्णपणे जाळायला जितका प्राणवायू लागेल तितका आकडा. तो लिटरला दोन ग्रॅम धरू. एकूण झाले चारशे किलो. यांपैकी ऐंशी टक्के द्रव्य हवाबंद टाकीत नाहीसे होते, आणि प्रत्येक किलोमागे सिद्धान्ततः ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो. पाण्यात विरघळून जाणारा भाग वजा करता दिवसाला शंभर घनमीटर मिथेन पदरात पडला असे समजा. स्वयंपाकाच्या गॅसच्या भाषेत तो सुमारे अठ्ठ्याहत्तर किलो, म्हणजे साडेपाच घरगुती सिलिंडर. दुधाच्या पाश्चरीकरणाला जी उष्णता लागते, तिचा बराच भार यातून उचलता येईल. भुकटी बनवण्याच्या कामी मात्र तो नगण्य ठरेल, कारण पाणी आटवण्याचा खर्च अवाढव्य असतो.

मामा — आणि त्या चारशे किलो सीओडीचे मूळ दूध किती?

भाची — एक लिटर दुधाचा सीओडी सुमारे दोनशे ग्रॅम. धुण्याची द्रव्ये आणि किरकोळ मळ बाजूला काढला, तरी दीड-दोन हजार लिटर दूध.

मामा — हीच माझी कैफियत! लाख लिटरांमागे दोन हजार लिटर दूध गटारात जाते, आणि संस्था वार्षिक अहवालात रंगीत छायाचित्रासह छापणार काय, तर आम्ही सांडपाण्यापासून रोज साडेपाच सिलिंडर निर्माण करतो! तुझ्याच प्रमाणाने एका लिटर दुधाचा मिथेन सत्तर लिटरांच्या आसपास भरतो. म्हणजे स्वयंपाकाचा गॅस साठ ग्रॅमसुद्धा नाही. पहाटे चारला उठून जी बाई म्हैस पिळते आणि संकलन केंद्रावर स्निग्धांशाच्या एका दशांशावरून जिच्या दरात फरक पडतो, तिच्या दुधाचे इंधन करणे हा कोणत्या अर्थशास्त्राचा न्याय? ज्या वायूला तू उत्पन्न म्हणतेस, त्याला मी तुटीची पावती म्हणतो.

भाची — तुमचा संताप रास्त आहे, पण त्याची दिशा पूर्णपणे बरोबर नाही. दूध जिथे जिथे स्पर्श करते तिथे तिथे त्याचा पातळ थर चिकटून राहतो. तो धुवावाच लागतो, आणि त्याबरोबर गेलेले दूध कोणत्याही उपायाने शून्यावर आणता येत नाही. उत्तम व्यवस्थापनातही शेकडा अर्धा-एक लिटर तूट राहतेच. यापुढची जी तूट, ती मात्र टाळण्याजोगी: टँकर पुरता निथळू न देता सोडणे, टाकी भरून वाहणे, फुटलेल्या पिशव्या, गळके सांधे, आणि पहिल्या धुवणाचे दाट पाणी वेगळे न धरता सरळ गटारात घालणे. हे सारे आधी आवरावे, याविषयी आपल्यात मतभेद नाही. पण जे उरते, त्याचे काय? ते हवा मारून शुद्ध करायचे म्हटले, तर दर किलो सीओडीमागे अदमासे एक युनिट वीज जळते, आणि जो गाळ साचतो तो हवाबंद पद्धतीच्या गाळाच्या कित्येक पट असतो. त्याची वासलात लावणे हे स्वतंत्र दुखणे होऊन बसते. मी वायूचे गुणगान करते ते मुख्यतः न जळलेल्या विजेसाठी आणि न साचलेल्या गाळासाठी. साडेपाच सिलिंडर हा त्यावरचा वरकड लाभ.

मामा — वरकड लाभालाच पुढे मुख्य मानण्याची माणसाची खोड मला ठाऊक आहे. आपल्या राज्यातल्या आसवन्यांचे उदाहरण घे. मळीपासून मद्यार्क काढल्यावर जे तांबडे-काळे सांडपाणी उरते, त्याचा सीओडी लिटरला शंभर ग्रॅमच्या घरात. त्यातून वायू भरघोस निघतो, म्हणून वायूच्या टाक्या हौसेने उभ्या राहिल्या. परंतु वायू काढून घेतल्यावरही ते पाणी रंगाने तसेच गडद आणि नदीच्या दृष्टीने तितकेच अस्पृश्य राहिले. जोवर शुद्धीकरणात पैसा मिळत होता तोवर उत्साह; पैसा संपून नुसता खर्च उरला की चालढकल. तुझी हवाबंद टाकी ऐंशी टक्के द्रव्य खाते असे तू म्हणतेस. उरलेल्या वीस टक्क्यांत पैसा नाही. नदीशी संबंध मात्र त्या वीस टक्क्यांचाच आहे.

भाची — हे मी निमूटपणे मान्य करते. आपल्या उदाहरणात दोन हजार मिलिग्रॅमचे पाणी टाकीतून चारशेवर येऊन बाहेर पडेल, आणि कायद्याला ते चालणार नाही. दुग्धालयांसाठी केंद्राने ठरवून दिलेली मर्यादा अशी की, सोडलेल्या पाण्याचा बीओडी, म्हणजे जीवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूचे मान, लिटरला शंभर मिलिग्रॅमच्या आत असावे, तेल-चरबी दहाच्या आत असावी. आणि ज्या जलाशयातून पिण्याचे पाणी घेतले जाते त्यात हे पाणी जाणार असेल, तर बीओडीची मर्यादा तीसपर्यंत खाली आणता येते. म्हणून हवाबंद टाकीमागे हवेची टाकी हवीच. फक्त आता तिच्यावरचा भार एक-पंचमांश राहतो. वायू मिळाला म्हणून जो दुसरी टाकी बंद ठेवील, त्याने पहिलीही बांधू नये.

मामा — कायद्याचे म्हणशील, तर जलप्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्राने १९६९ सालीच आपला अधिनियम केला, केंद्राच्या १९७४च्या कायद्याच्या पाच वर्षे आधी. तरीही पंचगंगेचे व्हायचे ते झाले. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी यांचे निर्मळ पाणी प्रयागाजवळ एकत्र येते, आणि शहर ओलांडून इचलकरंजीकडे जाईपर्यंत त्याला नाले येऊन मिळतात. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची जी साथ उसळली, तिने दूषित पाणी म्हणजे काय हे घराघरात शिकवले. परंतु या दुखण्यात नागरी मैलापाण्याचा हात मोठा आहे. मग दुग्धालयांच्या पाठीमागे एवढा ससेमिरा लावण्याचे प्रयोजन काय?

भाची — मामा, हा प्रश्न तुमच्या तोंडी शोभत नाही. दुसऱ्याच्या खात्यातली मोठी अफरातफर दाखवून आपल्या खात्यातली लहान तूट माफ करून घेणाऱ्या चिटणिसाला तुम्ही कधी सोडले आहे का? काविळीचा विषाणू मैल्यातून येतो, दुधाच्या धुवणातून येत नाही, हे खरे आणि ते स्पष्टपणे सांगितलेही पाहिजे. पण उन्हाळ्यात नदीचा प्रवाह रोडावलेला असताना प्राणवायू कोण खातो याची विचारपूस नदी करीत नाही. शिवाय शहराचा मैला हजारो घरांतून येतो; दुग्धालयाचे सांडपाणी एका नळातून. जे एका ठिकाणी मोजता येते, ते एका ठिकाणी आवरताही येते.

मामा — घाव बसला! तरी एक भय उरतेच. चक्का बांधल्यावर जे पाणी निथळते, ज्याला आपण निवळी म्हणतो, तिच्यात लिटरला पन्नास-सत्तर ग्रॅम सीओडी असतो ना? श्रीखंडाच्या हंगामात ती पिंपांनी निघते. तिच्यात शर्करा आहे, प्रथिने आहेत; ती जनावरांना घालता येते, तिची पेये आणि भुकटी होते. पण वायूच्या मापकाचा काटा वर चढलेला पाहायची ज्याला सवय लागली, तो तिला सरळ टाकीत ढकलील, आणि चरबीचा सापळाही मुद्दाम ढिला सोडील. कारण तुझ्याच म्हणण्याप्रमाणे स्निग्धांशातून वायू अधिक निघतो.

भाची — तसे करणाऱ्याला टाकीच शिक्षा करील. निवळीचा एकदम मारा झाला की आम्लता बिघडते, चरबीचा झाला की कण वाहून जातात. आणि प्रथिने फार गेली तर त्यांतल्या गंधकाचा सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू होऊन तो बॉयलरच्या नळ्या खातो, म्हणून लोखंडी किसावरून किंवा अन्य रीतीने तो काढून टाकावा लागतो. हिवाळ्यात तर दुहेरी अडचण. म्हशी व्यालेल्या असतात, दुधाचा पुष्टकाळ असतो, धुवण वाढते. आणि नेमकी तेव्हाच, पस्तीस अंशांच्या आसपास सुखाने राहणारे हे जीवाणू थंडीने मंदावतात. निवळीविषयीचा तुमचा क्रम मला मान्य आहे: आधी माणसाचे अन्न, मग जनावराचे, आणि उरले तरच जीवाणूंचे. त्यात मी एक भर घालते. जो मिथेन धरला, तो जळालाच पाहिजे. बॉयलर बंद असेल तर तो मशालीवर जाळावा. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची उष्णता कोंडण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट आहे, आणि गळक्या झाकणाखालचे संयंत्र नदीचा भार उतरवून तो आकाशावर चढवते.

मामा — मग माझी दरखास्त ऐक. संयंत्र उभारावे, याला माझी संमती. मात्र वायूची किंमत उत्पन्नाच्या बाजूला न मांडता ती दुधाच्या तुटीच्या खात्याखालीच वसुली म्हणून दाखवावी, आणि वायू कमी झाला की व्यवस्थापकाची पाठ थोपटावी. कारण वायू घटला याचा अर्थ दूध वाचले.

भाची — दरखास्तीचा पूर्वार्ध मंजूर, उत्तरार्ध घातक! वायू घटण्याची कारणे दोन असू शकतात. एक, गटारात दूध कमी गेले. दुसरे, टाकीतले जीवाणू मरू लागले. पहिल्यासाठी पाठ थोपटावी आणि दुसऱ्यासाठी जाब विचारावा, पण मापकाचा काटा दोन्ही वेळी सारखाच खाली येतो. तुमच्या नियमाने एखादा गाफील व्यवस्थापक मेलेल्या टाकीबद्दल बक्षीस घेऊन जाईल, आणि मागच्या हवेच्या टाकीत मात्र चारशेच्या जागी दोन हजारांचे पाणी जात राहील.

मामा — मग त्यांतला भेद ओळखावा कसा?

भाची — तुमच्याच विद्येने. सीओडी हा नाहीसा होत नाही, तो केवळ खाते बदलतो. टाकीत जितका शिरला, तितका तीन ठिकाणी मिळून सापडला पाहिजे: बाहेर पडणाऱ्या पाण्यात, नव्याने वाढलेल्या गाळात, आणि मिथेनमध्ये. आत चारशे किलो गेला, पाण्याबरोबर ऐंशी बाहेर पडला, गाळात थोडा अडकला, तर उरलेल्याचा मिथेन मापकावर दिसलाच पाहिजे. आत दोनशेच गेला, बाहेर चाळीसच पडला आणि वायू निम्मा झाला, तर दूध वाचले. आत चारशे, बाहेर तीनशे आणि वायू घटलेला, तर टाकी आजारी. आणि पाण्याचे आकडे उत्तम पण वायू मात्र बेपत्ता, तर झाकण गळते आहे किंवा कोणी तरी खोटे लिहिते आहे.

मामा — म्हणजे जमा आणि खर्च दोन्ही बाजू जुळाव्यात असा हा खराखुरा ताळेबंद आहे! चाळीस वर्षे मी संस्थांची दफ्तरे तपासली. सांडपाण्याच्या टाकीलाही असे दफ्तर असते, हे कोणी सांगितले असते तर तिच्याकडे नाक दाबून पाठ फिरवली नसती. पण हे आकडे मग कारखान्याच्या प्रयोगशाळेत कोंडून ठेवता कामा नयेत. वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासद दुधाचा दर, फरकबिल आणि लाभांश विचारतात. त्यांना आणखी तीन प्रश्न विचारायला शिकवले पाहिजे. पहिला, वर्षभरात किती दूध गटारात गेले? दुसरा, नदीकडे गेलेल्या पाण्याचा बीओडी काय होता? आणि वायू किती निघाला, हा प्रश्न तिसरा, त्याआधी नव्हे.

भाची — क्रम मला मान्य आहे. पण तिसऱ्याचे उत्तर पहिल्या दोहोंशी जुळले नाही तर?

मामा — तर सभेने हिशेब नामंजूर करावा, आणि तुझ्यासारखीला बोलावून टाकीचे झाकण उघडायला लावावे.